पंधरा रुपयांचा श्रोता

आमच्या घरी पत्र्याच्या एका जुन्या ट्रंकेत आजोबांचे एक लहानसे पुस्तक जपून ठेवलेले आहे. ते वाचण्याचे पुस्तक नव्हे. रेडिओच्या परवान्याचे पुस्तक. वर्षातून एकदा पेठेतल्या पोस्टात जायचे, पैसे भरायचे, त्या पैशांची तिकिटे पुस्तकात चिकटवून त्यांवर शिक्का मारून घ्यायचा, की वर्षभर रेडिओ ऐकायला माणूस मोकळा. सत्तरीच्या दशकातल्या पानांवर वर्षाला पंधरा रुपये असा हिशेब दिसतो. आजोबा शाहू मिलमध्ये कामाला होते. पंधरा रुपये ही रक्कम त्यांच्या लेखी लहान नव्हती. घरपट्टी भरताना ते दिवसभर कुरकुरत. पण परवान्याच्या पैशांविषयी त्यांनी कधी तोंड वाकडे केल्याचे आजीला आठवत नव्हते.

याचे कारण असे, की १९६३ साली सांगलीला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, आणि ते केंद्र थोडेबहुत आपल्याही पैशावर चालते अशी आजोबांची पक्की समजूत होती. निवेदकाला बोलता बोलता ठसका लागला की ते रेडिओकडे बघून म्हणत, "पाणी प्या की वो, आमी काय पळून चाललोय?" एखादे भाषण रटाळ झाले की म्हणत, "ह्येच्यासाठी पैसं भरतोय व्हय आमी?" आणि आजी हसली तर तिला समजावून सांगत, "त्येंच्या भाकरीत आपलाबी एक तुकडा हाय."

ही समजूत खरी नव्हती. परवान्याचे पैसे पोस्ट गोळा करी आणि ते सरकारी तिजोरीत जात. आकाशवाणी हे सरकारचे एक खाते. त्याचा खर्च संसदेने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकातून चाले. आजोबांनी पंधरा रुपये भरले काय किंवा पाटलांनी चुकवले काय, सांगलीच्या तबलजीला दोन्ही परिस्थितींत तेवढेच मिळे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास परवाना रद्द झाला, तेव्हा आजोबांना आनंद व्हायला हवा होता. मी त्या वेळी पाच वर्षांचाही नव्हतो. पण घरात सांगतात, की त्यांनी पोस्टात जाऊन दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि घरी येऊन ते पुस्तक ट्रंकेत टाकले.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. दहावीला आमच्या घरात अजून मॅट्रिकच म्हणतात. शाळेत चित्रकला शिकवतो, कादंबऱ्या लिहितो आणि रोज रेडिओ ऐकतो. समीक्षेची परिभाषा मला येत नाही. परंतु एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. एखाद्या कलाकृतीची चर्चा करताना तिच्या रचनेविषयी, आशयाविषयी, परंपरेविषयी आपण पाने भरतो. तिचे पैसे कोणी दिले हे मात्र विचारीत नाही. जणू ते विचारणे असभ्यपणाचे आहे. पुस्तकाच्या बाबतीत हे एक वेळ खपून जाईल. रेडिओच्या बाबतीत खपणार नाही. रेडिओवर पैसा ऐकू येतो. वाक्य किती लांब असावे, विराम किती घ्यावा, गाणे कोठे तोडावे आणि श्रोत्याला काय म्हणून हाक मारावी, हे सारे कोण पैसे देतो त्यावरून ठरत आले आहे. हे माझे म्हणणे आहे, आणि ते मी रेडिओच्याच काही कृती पुढे ठेवून तपासून पाहणार आहे.

कोल्हापूरकराला हा विषय परका वाटू नये. कलेला पोसण्याच्या तिन्ही जुन्या तऱ्हा या गावाने पाहिल्या आहेत. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, तो राजाश्रय. महाराज १९२२ साली गेले आणि खाँसाहेब पुढे मुंबईला गेले. दुसरी तऱ्हा तिकिटाची. पॅलेस थिएटरात, म्हणजे पुढच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, लोकांनी ती भोगली. (ते नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळाले, तेव्हा तिकीट काढून कधी आत न गेलेली माणसेसुद्धा रस्त्यावर उभी राहून रडली. हे कोणत्या हिशेबात बसवायचे मला कळत नाही.) तिसरी तऱ्हा कीर्तनाच्या तबकाची. ऐकून झाल्यावर, ज्याला वाटेल त्याने, वाटेल तेवढे टाकावे. तिन्ही तऱ्हांनी गाणे वेगळे होते. राजासमोरचा राग सावकाश उलगडतो, तिकिटावरचे पद 'वन्स मोअर'ची वाट बघते, आणि कीर्तनकार आरतीच्या आधी आख्यान नेमके रंगात आणतो.

रेडिओच्या परवान्याने चौथी तऱ्हा आणली. मुळात ती श्रोत्यावरच उभी होती. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. कंपनी खासगी होती. परवान्याच्या दहा रुपयांतले आठ रुपये तिच्या वाट्याला येत. म्हणजे आजोबांची समजूत त्या काळात अगदी खरी ठरली असती! पण सबंध हिंदुस्थानात परवाने आठ हजारांच्या पलीकडे गेले नाहीत, आणि १ मार्च १९३० रोजी कंपनीने गाशा गुंडाळला. पुढच्या महिन्यात सरकारने कारभार हाती घेतला. श्रोत्याच्या पैशावर चालणारा रेडिओ आपल्याकडे पुरती तीन वर्षेही जगला नाही. त्यानंतर श्रोता पैसे भरीत राहिला, पण कर म्हणून. दाता म्हणून कोणी त्याच्याकडे पाहिले नाही.

या अशा रेडिओने काय निर्माण केले? मराठीपुरते बोलायचे तर सर्वांत मोठे उदाहरण 'गीतरामायण'. पुण्याचे केंद्र १९५३ च्या गांधीजयंतीला सुरू झाले, आणि १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला 'गीतरामायणा'चे पहिले गीत तेथून प्रसारित झाले. सीताकांत लाड यांनी माडगूळकरांमागे लकडा लावला आणि सुधीर फडक्यांनी चाली दिल्या. फडके जन्माने कोल्हापूरचे, हे आम्ही लोक संधी मिळेल तेथे सांगतो, येथेही सांगितले. दर आठवड्याला एक गीत, असे वर्षभर चालले. त्या वर्षी भाद्रपद अधिक आल्यामुळे बावन्नाऐवजी छप्पन्न गीते झाली. पंचांगाने एका काव्याची लांबी वाढवावी, असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. या कृतीचे छंदशास्त्र आठवड्याचे आहे.

माडगूळकर चित्रपटाच्या धंद्यातले. तेथे गीत तबकडीच्या एका बाजूत, म्हणजे तीनेक मिनिटांत, संपले पाहिजे. 'गीतरामायणा'त तेच कवी पाच-पाच, आठ-आठ कडवी लिहितात. प्रत्येक कडव्यात प्रसंग एक पाऊल पुढे जातो आणि ध्रुपद परत येते तेव्हा त्याचा अर्थ किंचित बदललेला असतो. हा ऐसपैसपणा तबकडीच्या व्यापाऱ्याने दिला नसता. नाटक कंपनीनेही दिला नसता; समोर बसलेल्या प्रेक्षकाला जिंकण्यासाठी नटाला दुसऱ्या कडव्यातच ताना घ्याव्या लागल्या असत्या. येथे टाळी ऐकू येण्याची सोयच नव्हती. मूळ प्रसारणात पात्रागणिक गळे वेगळे होते: माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, ललिता फडके. पुढे फडके एकटेच रंगमंचावर सारी पात्रे गाऊ लागले आणि त्या कार्यक्रमांना अफाट लोकप्रियता मिळाली. त्यांच्या गाण्याविषयी मला पूज्यभाव आहे. तरीही एका गळ्याने ते कथन झाले, नाना गळ्यांचे ते घर होते. आमच्या घरी १९५५ साली रेडिओ नव्हता. आजी शेजारच्या वाड्यात जाऊन ओसरीवर बसून ऐके. ती म्हणे, ज्या दिवशी कौसल्या गायची त्या दिवशी बायका जास्त जमायच्या.

दोषही सांगितला पाहिजे. काही गीतांत कडवी वाजवीपेक्षा अधिक झाली आहेत. भावना संपून हकीकत उरते. 'हे दोन कडवी कापा' असे सांगणारा कोणी नव्हता. तिकीटवाला प्रेक्षक खाकरला असता, म्हणजे कवीला कळले असते. पण मला विचाराल तर त्या दोन जादा कडव्यांची किंमत देऊन ही मोकळीक घ्यावी. गेल्या पावसाळ्यात मी हीच गीते मोबाइलवर क्रमाने ऐकत होतो. दशरथ गेला, आणि भरताचा संताप सुरू होण्यापूर्वी एक माणूस मला गादी विकू लागला. विकणारा अगदी अजीजीने बोलत होता. गीते तीच, गळे तेच, एक अक्षर बदललेले नाही. पण दशरथाच्या मृत्यूनंतरचा जो सन्नाटा, तो रचनेचाच भाग होता हे मला त्या गादीवाल्याने शिकवले. मूळ प्रसारणात त्या दोन गीतांमध्ये सात दिवस होते.

एवढ्यावरून सरकारी पैशाची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. त्याच पैशाने माज कसा येतो तेही ऐकू आले आहे. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. ज्या गावाने गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकली, त्या गावातल्या श्रोत्याने परवान्याचे पैसे भरायचे आणि पेटी अभारतीय आहे हे ऐकून घ्यायचे! टेंबे १९५५ साली गेले, तेव्हा बंदी चालूच होती. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. लोकांची अभिरुची सुधारायची त्यांची तळमळ प्रामाणिक होती आणि शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी पुष्कळ केले. पण चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. मग हिंदुस्थानातला श्रोता पैसे दिल्लीला भरू लागला आणि कान कोलंबोला लावू लागला.

सायानींचे निवेदन ही टूथपेस्टच्या पैशावर उभी राहिलेली कला होती, आणि ती कला होती हे मान्य करण्यात कमीपणा नाही. आकाशवाणीचा निवेदक 'श्रोतेहो' म्हणे; त्यात सभेपुढे बोलल्याचा सूर असे. सायानी आधी बहिणींना हाक मारीत, मग भावांना. ज्याला माल विकायचा आहे त्याला घरात कोण ऐकते आहे याचा शोध घ्यावाच लागतो. अभिरुची सुधारू पाहणाऱ्याला तो घ्यावा लागत नाही. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती निघाली तेव्हा आकाशवाणीने हा धडा गिरवला. 'जयमाला' सुरू झाली आणि आमच्या जिल्ह्यातल्या ज्या गावांत घरटी एक माणूस फौजेत, तेथे ती कशी ऐकली गेली ते मी वेगळे सांगायला नको. मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी, मीना वहिनी आणि पंत बोलायला लागले की प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर ही नावे गळून पडत आणि शेजारची माणसे उरत.

परंतु सर्वांत विलक्षण प्रयोग या दोहोंच्या मधे होऊन गेला आणि आपण तो विसरलो. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे काढली. पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली. त्यांत कोल्हापूर जिल्हा होता. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी गावकऱ्यांनी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवायच्या. केंद्राने त्यांना पुढच्या प्रसारणातून उत्तरे द्यायची. असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली आणि मंडळे असलेल्या गावांत माणसांचे ज्ञान स्पष्टपणे वाढल्याचे दिसून आले. मला त्यातले ज्ञान तितके महत्त्वाचे वाटत नाही. रेडिओला उलट विचारता येते, हे त्या गावांनी काही आठवडे अनुभवले, हे महत्त्वाचे. तेथे श्रोता करदाता नव्हता आणि गिऱ्हाईकही नव्हता. पुढे १९५९ पासून ही योजना देशभर नेली गेली आणि हळूहळू निस्तेज झाली. पाहुण्याच्या पैशावर घातलेला मांडव पाहुणा गेल्यावर किती दिवस टिकणार?

१ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. चंदा समितीने तशी शिफारस केली होती. त्याच समितीने आकाशवाणीला सरकारपासून वेगळे करावे असेही सुचवले होते; तो भाग अमलात यायला तीस वर्षे लागली. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा आणि तो लागू झाला १९९७ च्या सप्टेंबरात. समित्यांच्या शिफारशींत पैसे देणारी कलमे पायांनी चालतात आणि पैसे मागणारी कलमे पालखीची वाट बघतात.

येथे मला स्वतःची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका प्रायोजित कार्यक्रमासाठी माझी कथा मागितली गेली. कथेत मिलमधल्या कामगाराची बायको दिवाळीला लुगडे घेते. प्रायोजक कापडवाले होते. त्यांचे म्हणणे एवढेच, की ती ज्या दुकानात जाते त्या दुकानाचे नाव आमचे असावे. मी दोन दिवस विचार केला आणि होकार दिला. मानधन आकाशवाणीच्या मानधनाच्या तिप्पट होते, आणि मुलीच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते. कथा पुष्कळांनी ऐकली. शाळेत एका मुलाची आई मला शोधत आली आणि म्हणाली, "सर, ती लुगड्याची गोष्ट तुमचीच न्हवं?" आकाशवाणीवरून वाचलेल्या माझ्या कुठल्याही कथेविषयी असे कोणी विचारायला आले नव्हते. परंतु ती कथा मी अजून कोणत्याही संग्रहात घेतलेली नाही. ती बाई दुकानाच्या दारात येऊन थांबते, आत जाऊ की नको अशी घुटमळते. त्या घुटमळण्यात सगळी कथा होती. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ते वाक्य गाळले गेले. दुकानाच्या दारात गिऱ्हाईक घुटमळलेले कोणत्या दुकानदाराला आवडेल? आणि खरे सांगायचे तर मीही आग्रह धरला नाही.

आता आजची स्थिती. आकाशवाणीतल्या पगारांचा मोठा भार केंद्राच्या अनुदानावर आहे; यंत्रसामग्रीसाठी आकाशवाणी आणि दूरदर्शन मिळून २,५३९ कोटींची योजना जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झाली; जाहिरातींचे उत्पन्न त्याला जोड म्हणून. खासगी केंद्रे जाहिरातींवर जगतात, आणि त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. सामुदायिक केंद्रे आहेत. म्हसवडचे माणदेशी बायकांचे केंद्र २००८ पासून चालले आहे आणि तेथील बोली ऐकताना मला आजोबांच्या पिढीचा सूर सापडतो. पण तीही संस्थांच्या आणि देणग्यांच्या आधारावर. श्रोत्याने थेट दिलेला रुपया या सगळ्यात कोठेच नाही.

अमेरिकेत बर्कली येथे केपीएफए नावाचे केंद्र १९४९ साली निघाले. ते जाहिरात घेणार नव्हते. श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणार होते, आणि अजून चालते. पुढे त्या देशातल्या सार्वजनिक रेडिओ केंद्रांनी ही रीत उचलली. वर्षातून काही दिवस कार्यक्रम थांबवून निवेदक उघडपणे पैसे मागतात. ते ऐकायला कंटाळवाणे असते असे तेथे राहून आलेले लोक सांगतात. म्हणजे तबकच ते, फक्त आरती फार लांबलेली. सरकारी मदतही त्यांना होती. जुलै २०२५ मध्ये तेथल्या काँग्रेसने दोन वर्षांचे सुमारे एक अब्ज दहा कोटी डॉलर परत घेतले. त्या बातमीत माझे लक्ष गेले ते एका बारीक गोष्टीकडे: लहान गावांतल्या केंद्रांनी दुसऱ्या दिवशी श्रोत्यांना हाक मारली. हाक मारायला त्यांच्याकडे नावांची यादी होती. आमच्या केंद्राने मला हाक मारायची म्हटली तर कोणत्या नावाने मारणार?

हा प्रश्न मी शिक्षकांच्या खोलीत काढला. आकाशवाणीने वर्षाला पंधरा रुपये मागितले तर द्याल का? एकजण म्हणाले, "फुकट येतंय की मोबाइलवर." गणिताच्या बाईंनी पंधरा रुपयांचे आजच्या भावाने किती होतील ते विचारले आणि आकडा ऐकायच्या आधीच नको म्हणाल्या. शिपाई मात्र म्हणाला, "सकाळचं भक्तिगीत मधे न तोडता लावणार असतील तर दीन." अटीवर पैसे देणारा तो एकटा निघाला. इतरांना रेडिओ कसा असावा याविषयी काहीच म्हणायचे नव्हते.

जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्या बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला. सुधा नरवणे यांच्या आवाजात ज्या बातम्या आम्ही ऐकल्या, त्या पुण्याच्या बातम्या. लोकांनी विरोध केला, वृत्तपत्रांत लिहून आले आणि आदेशाला स्थगिती मिळाली. त्या दिवसांत मीही एक पोस्टकार्ड घेतले. मजकूर चार ओळींचा होता. तो लगेच लिहून झाला. अडले ते खाली सही करताना. करदाता म्हणून लिहावे तर कर मी रस्त्यांसाठीही भरतो. ग्राहक म्हणून लिहावे तर मी काही विकत घेतलेले नाही. लेखक म्हणून लिहिले तर मानधनासाठी ओरडतो आहे असे कोणाला वाटायचे. नुसते 'एक श्रोता' लिहिले आणि ते फार हलके वाटले. मग ट्रंक उघडून ते पुस्तक काढले, त्यावरचा परवान्याचा क्रमांक पोस्टकार्डावर उतरवून घेतला, आणि खाली लिहिले: वरील परवानाधारकाचा नातू.